पेन्शन आली, गोळ्यांचे काय?

आमच्या देवगाव फाट्यावर पेन्शन जमा झाली की चार दिवस दवाखान्यात गर्दी असते आणि महिनाअखेरीस बाकडी रिकामी. पैसे तारखेने येतात, आजार मात्र तारीख पाहून येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात एका निवृत्त गुरुजींना मुलाने जीपमधून आणले. उजवा हात-पाय लुळा, तोंड वाकडे. रक्तदाबाची गोळी मीच सुरू केलेली. त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, वीस तारखेच्या पुढं हे गोळी दिवसाआड घ्यायचे. म्हणायचे, उगं कशाला खर्च?" गोळी परवडते का, हे मी कधी विचारलेच नव्हते. ती चूक माझी.

गुरुजींची ग्रॅच्युइटी घराच्या स्लॅबला आणि धाकटीच्या लग्नाला गेली. आपल्याकडे बहुतेकांचे असेच होते. बी-बियाण्याचे, सणावाराचे पैसे आपण बाजूला काढतो; दवापाण्याचे मात्र उरले तर! माझे स्पष्ट मत आहे की निवृत्तांनी हा खर्च किराण्यासारखा आधी धरावा.

"कार्ड आहे ना!" असे पुष्कळजण म्हणतात. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे व त्यापुढील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेचा लाभ मिळतो. मर्यादा कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांची. कार्ड जरूर काढा. पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजची गोळी, चष्मा, कवळी, परभणीच्या खेपा हे सारे खिशातूनच जाते.

हिशेब करून पाहा. गोळ्यांना महिन्याला ६०० रुपये लागले, तर वर्षाचे ७,२०० आणि वीस वर्षांचे १,४४,००० होतात. तेही भाव वाढले नाहीत तर. घरात पती-पत्नी दोघे आहेत. बाईमाणसाचे दुखणे हिशेबात धरलेच जात नाही, ते धरा.

तेव्हा वाचकहो, निवृत्तीच्या रकमेतला एक भाग दोघांच्या नावे बँकेत वेगळा ठेवा आणि लग्नकार्यासाठी मोडू नका. आरोग्य विमा घ्यायचा तर पन्नाशीतच घ्या. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांसाठी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. जनऔषधी केंद्रातही त्याच औषधाची स्वस्त गोळी मिळते. मात्र पैसे वाचवायला गोळी परस्पर बंद करू नका. डॉक्टरला किंमत विचारण्यात कसली लाज?

गुरुजी आता काठी टेकत येतात. गोळी रोज घेतात. चिठ्ठी लिहिण्याआधी मी विचारतो, "गुरुजी, महिनाभर पुरेल ना?"