मागून येणारी गाडी



गेल्या महिन्यात बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सुनेसोबत माझ्याकडे आले होते. दीड वर्षापूर्वी जळगावच्या मेहरूण तलावाच्या रस्त्यावर ते सायकलवरून पडले आणि त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. प्लास्टर निघाल्यावर "आता सायकल बंद," असे मीच घरच्यांना बजावले होते. घरच्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला. सायकल धुळ्याला लेकीच्या घरी रवाना झाली. पाठोपाठ बाजार सुटला, वाचनालय सुटले, मित्रांचा कट्टाही सुटला. त्या दिवशी मी त्यांना खुर्चीतून उठायला सांगितले, तेव्हा दोन्ही हात टेकूनही दुसऱ्या प्रयत्नात ते कसेबसे उभे राहिले. "डॉक्टरसाहेब, मनगट जुळलं, पाय मात्र गेले," ते म्हणाले. सून मान खाली घालून बसली होती. खरे तर मान खाली घालण्याची पाळी माझी होती.

त्या रात्री मला पुण्याच्या सायकलपटू प्रीती मस्के यांची आठवण झाली. दोन मुलांच्या या आईने चाळिशीच्या सुमारास, आजारपण आणि नैराश्य यांतून बाहेर पडण्यासाठी सायकल हाती घेतली. एरवी ज्या वयात खेळाडू निवृत्त होतात, त्या वयात यांची कारकीर्द सुरू झाली. २०२१ मध्ये त्यांनी दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा सुवर्ण चतुष्कोन, म्हणजे सुमारे ६,००० किलोमीटरचा मार्ग, अवघ्या २४ दिवसांत पूर्ण केला. जून २०२२ मध्ये, वयाच्या पंचेचाळीसाव्या वर्षी, लेह ते मनाली हे ४३० किलोमीटरचे अंतर त्यांनी एकटीने ५५ तास १३ मिनिटांत कापले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गुजरातमधील कोटेश्वरपासून अरुणाचल प्रदेशातील किबिथूपर्यंतचा सुमारे ४,००० किलोमीटरचा प्रवास त्यांनी चौदा दिवसांच्या आत संपवला.

यांतील लेह-मनालीचा प्रवास आपल्या विषयाशी फार जवळचा आहे. त्या वाटेवर तंगलंग ला ही सतरा हजार फुटांहून उंच खिंड लागते. तेथील हवेत प्राणवायूचे प्रमाण आपल्या खानदेशाइतकेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर आलेला असतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा प्राणवायूही जवळजवळ निम्माच भरतो. श्वास अपुरा पडू लागल्याने मस्के यांना वाटेत दोनदा नळीवाटे प्राणवायू घ्यावा लागला. तो घेतला आणि त्या पुन्हा सायकलवर बसल्या.

हा प्राणवायू तेथे आला कोठून? सीमा सडक संघटनेने त्यांच्यासोबत दोन गाड्या दिल्या होत्या. गाड्यांत उपग्रह-दूरध्वनी होते आणि वैद्यकीय साहाय्यक होते. मागून येणाऱ्या त्या गाड्यांना एक सोपी गोष्ट करता आली असती. दम लागलेला पाहून सायकल टपावर टाकायची आणि बाईंना आत बसवून सुखरूप मनालीला उतरवायचे. काळजी तीही होतीच. पण मग प्रवास मस्के यांचा राहिला नसता. गाडीने आपले काम ओळखले होते. दिसेल इतक्या अंतरावर राहायचे, लागेल ते द्यायचे आणि पॅडल ज्याचे त्याला मारू द्यायचे.

घरातील वृद्धांची देखभाल करणाऱ्यांनो, आपले काम याहून वेगळे आहे का? आणि आम्हा डॉक्टरांचे?

मदत घेणे म्हणजे हरणे, असा समज ज्येष्ठांच्याही मनात असतो. काठी दिली तर ती दाराआड ठेवून ते भिंत धरून चालतात. त्यांना मी युरोपातील सायक्लोक्रॉस या शर्यतीविषयी सांगतो. ती हिवाळ्यात, चिखलातून आणि गवतातून होते. वाटेत पायऱ्या आणि आडव्या फळ्या येतात. तेथे स्पर्धक खाली उतरतो, गरज पडल्यास सायकल खांद्यावर घेऊन धावतो आणि पुढे पुन्हा स्वार होतो. उतरणे हा त्या शर्यतीचाच भाग आहे. नेदरलँड्सच्या मारियान व्हॉस यांनी २००६ मध्ये, अठराव्या वर्षी, या खेळातील पहिले जागतिक विजेतेपद मिळवले आणि २०१४ मध्ये सातवे. पुढच्या वर्षी दुखापत आणि अतिसराव यांमुळे जवळजवळ सारा हंगाम त्यांना थांबावे लागले. आठवे विजेतेपद आले ते थेट २०२२ मध्ये. थांबा घेतला म्हणून वाट संपली नाही.

आता माझ्या चुकीकडे वळतो. सायकल बंद करण्याच्या घाईत, गुरुजी पडले कशामुळे, हे मी तपासलेच नव्हते. या वेळी त्यांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभे करून मोजला. उभे राहताच तो बराच उतरत होता. प्रोस्टेटसाठी सुरू असलेल्या गोळीचा तो परिणाम होता. संबंधित तज्ज्ञांशी बोलून गोळी बदलली. डोळे तपासले, हाडांची घनता पाहिली. हे सारे दीड वर्षापूर्वी व्हायला हवे होते.

म्हणून विनंती आहे. घरातील ज्येष्ठांची कोणतीही हालचाल बंद करण्यापूर्वी पडण्याचे कारण शोधा: रक्तदाब, साखर, नजर, कान, औषधे आणि पायांतली ताकद. वापर थांबला की मांडीचे स्नायू उतारवयात फार लवकर झिजतात आणि दुसऱ्यांदा पडण्याचा धोका उलट वाढतो. हात न टेकता खुर्चीतून उठणे आणि बसणे, दिवसातून दोन-तीन वेळा, झेपेल तितके करावे. शेजारी कोणी उभे असावे. सायकल चालवायची असेल तर सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी ती खाली घ्यावी. बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी घरी परतावे. मधुमेहावर इन्सुलिन किंवा गोळ्या सुरू असतील तर खिशात साखर ठेवावी. तोल जात असेल तर घरातील स्थिर सायकल उत्तम. छातीत दुखले, भोवळ आली किंवा अनपेक्षित दम लागला, तर तेथेच थांबून डॉक्टरांना गाठावे.

गुरुजींची सायकल धुळ्याहून परत आली आहे. सध्या ते तिच्यावर बसत नाहीत. तिचे हँडल धरून रोज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत चालत जातात आणि परत येतात. दहा पावले मागे सून असते. तिला मी एवढेच सांगितले आहे की, हाक आल्याशिवाय अंतर कमी करायचे नाही.