आभाळ कोणाच्या बापाचं?

२ एप्रिल २०२२. गुढीपाडव्याची रात्र. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आभाळातून धातूचं कडं पडलं. व्यास तीन मीटरच्या आसपास. जवळच्या शिवारांत गोळेही सापडले. आमच्या पाळीत कोणी म्हणे विमान, कोणी म्हणे कोप. कडं पोलीस ठाण्यात गेलं, टीव्हीवाले आले नि गेले.

जाणकार म्हणाले, हा चीनच्या चांग झेंग ३-बी रॉकेटचा तुकडा, २०२१ मध्ये उडालेला. पण वर गेलेलं वर्षानं काहून पडावं? लाडबोरीच्या पोट्ट्याला हे कोणत्या पुस्तकानं सांगितलं? अवघड काहीच नाही. पृथ्वीभोवती फिरताना ते वरच्या विरळ हवेला घासतं, दर फेरीला थोडं खाली उतरतं. शेवटी दाट हवेत सेकंदाला सात-आठ किलोमीटरनं शिरतं नि जळतं. उष्णतेला दाद न देणारे भाग तेवढे जमिनीवर पोचतात. झालं! चार ओळी. पण त्या चार ओळी गावात कुठं मिळतात?

मी बल्लारपूरला कागद कारखान्यात कामाला. लाकडाचा लगदा होतो, लगद्याचा कागद होतो, गुंडाळ्या ट्रकात चढतात. जंगल आमचं, घाम आमचा, अन् विश्वावरचं पुस्तक पाहिजे तर पुण्याहून मागवा! एका वाचनालयात मागितलं तर राशिभविष्य हातात दिलं. शनी म्हणजे त्यांना साडेसातीच ठाऊक.

जयंत नारळीकरांचं ‘आकाशाशी जडले नाते’ मी वाचलंय. २०२५ मध्ये गेला तो माणूस. मराठीत लिहिलं, ज्योतिषाची परीक्षा घेतली. त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते ‘सोपं विज्ञान’ म्हणून पहिल्याच पानावर विषुवांश नि क्रांतिवृत्त फेकणाऱ्यांशी. आणि प्रत्येक धडा वेदापासून काढणाऱ्यांशी.

मेघनाद साहा घ्या. खालच्या मानलेल्या जातीतला, किराणा दुकानदाराचा पोरगा. कलकत्त्याच्या वसतिगृहात सवर्णांच्या पंगतीत त्याला बसू दिलं नाही. त्यानंच १९२० साली असं समीकरण दिलं, की ताऱ्याच्या उजेडातल्या रेघांवरून त्याची उष्णता वाचता येते. समीकरण पुस्तकात येतं. पंगत गाळतात.

अन् सप्तर्षी! सात ऋषीच का म्हणून? गोंड माणूस त्या चार ताऱ्यांत म्हातारीची खाट बघतो, शेपटीच्या तिघांत खाट पळवणारे तीन चोर. मयंक वाहिया आणि गणेश हळकारे यांनी गोंडांचं हे आभाळ २०१३ साली निबंधात मांडलं. इंग्रजीत. ज्या पाड्यावरून ते गेलं तिथं पुस्तक होऊन परत कधी येणार?

१६ ऑक्टोबर १९५६ला बाबासाहेबांनी चांद्यात दीक्षा दिली. आपल्या बापजाद्यांनी देव सोडले. मग देव काढलेल्या आभाळात काय आहे, हे पोरांना सांगायचं कोणी? रोहित वेमुलाला कार्ल सेगनसारखं विज्ञानावर लिहायचं होतं. १७ जानेवारी २०१६ला तो गेला. आपण दरवर्षी त्याच्यावर कविता छापतो. मीही छापल्यात. एक तरी पान ताऱ्यांवर छापलं का?

संपादकांनी पुढच्या अंकात चार पानं द्यावीत. दोन मी लिहितो, लाडबोरीच्या कड्यावर. खाटेची गोष्ट एटापल्ली-भामरागडकडच्या सोबत्यानं गोंडीत सांगावी, मराठी आपण मिळून करू. चित्रं बॉलपेननं काढलेली चालतील. शब्द अडला तर आधी आपल्या मायला विचारा, शब्दकोश मागून.