सीमेच्या मापात पाप

शेतकरी बांधवहो, बाजारात माल नेला म्हणजे भाव कितीही चांगला निघो, काटा कोणाचा आहे हे आधी पाहावे लागते, हे तुम्हांस शिकवावयास नको. अडत्याचा काटा असला तर पोत्यामागे चार शेर कोठे जातात हे ब्रह्मदेवाच्या बापासही कळत नाही. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार या आपल्या सीमाभागाचे नेमके हेच झाले आहे. जवळजवळ सत्तर वर्षे भावाची चर्चा चालली आहे. काट्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला. होता होईल तो जिल्हा अखंड ठेवावा, असे त्याचे माप. बेळगाव जिल्ह्यात सगळी मिळून कानडी वस्ती जास्त, तेव्हा जिल्हा म्हैसुरास. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तसेच घडले. मात्र त्याच जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा कापून आपल्याकडे ठेवला आणि तो आज कोल्हापूर जिल्ह्यात सुखाने नांदतो आहे. (सुखाने म्हणजे तिकडच्या रस्त्यांकडे न पाहता.) मग जिल्हा कापता येतो हे सिद्ध झाले की नाही? चंदगडास सुरी चालली, तर शेजारच्या खानापुरास, बेळगावाभोवतालच्या मराठी खेड्यांस, निपाणीस ती का चालू नये? याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. कारण उत्तर द्यावयाचे तर काटा उलटा करून दाखवावा लागेल.

हाच काटा इंग्रजांनी आयर्लंडात वापरला होता, म्हणून ती हकीकत आपल्या लोकांनी ऐकावी. आयर्लंड हा आपल्यासारखाच कुणब्यांचा मुलूख. जमीन इंग्रज जमीनदाराची, कसणारा आयरिश, आणि खंड थकला की कुटुंब रस्त्यावर. मायकेल डेव्हिट नावाचे पोर असेच लहानपणी आईबापांसह घराबाहेर काढले गेले आणि अकराव्या वर्षी इंग्लंडातल्या कापडगिरणीत त्याचा हात गेला. याच एकहाती माणसाने १८७९ साली शेतकऱ्यांची जमीन-लीग उभी केली. इकडे जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ साली, म्हणजे काळ एकच. पुढे स्वराज्याची मागणी टळेना, तेव्हा इंग्रजांनी १९२० च्या कायद्याने देशाचा तुकडा पाडला. उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांतात नऊ काउंट्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे मुलूख. नऊही घेतल्या तर इंग्रजांस धार्जिण्या प्रॉटेस्टंटांचे बहुमत डळमळते. अगदी थोड्या घेतल्या तर राज्य चालत नाही. म्हणून मोजून सहा घेतल्या. त्या सहांपैकी टायरोन आणि फर्मानाघ या दोहोंत बहुसंख्य वस्ती कॅथलिकांची होती, त्यांस कोणी विचारले नाही. १९२१ च्या तहात कलम घातले की रहिवाशांची इच्छा पाहून सीमा ठरविण्यास कमिशन नेमू. कमिशन बसले, अहवाल तयार झाला, १९२५ साली तो वर्तमानपत्रात फुटला, आणि दोन्हीकडच्या पुढाऱ्यांनी मिळून तो पेटीत घातला. तो लोकांस वाचावयास मिळाला १९६९ साली! सीमा होती तेथेच राहिली.

आता आपले कमिशन पाहा. सेनापती बापट १९६६ साली उपोषणास बसले तेव्हा महाजन कमिशन नेमले गेले. १९६७ च्या ऑगस्टात त्याने अहवाल दिला: बेळगाव शहर म्हैसुरात राहावे, निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावे महाराष्ट्रास द्यावीत, जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर येथील मिळून २४७ गावे म्हैसुरास द्यावीत. महाराष्ट्राने तो नाकारला. बंगळूरकर म्हणतात, महाजन हाच शेवटचा शब्द. ठीक. शेवटचा शब्द म्हणून मिरविता, तर त्या शब्दातली २६४ गावे एवढ्या वर्षांत कधी सोडावयास निघालात काय? शब्द प्यारा, पण त्यातले देणे कडू!

आणि याहून मोठी गोष्ट त्याच सालची आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी याच हिंदुस्थान सरकारने गोव्याच्या लोकांस सरळ विचारले: महाराष्ट्रात जाता की वेगळे राहता? पेट्या मांडल्या, मते मोजली. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. आपली बाजू ३४,०२१ मतांनी हरली. गोव्यातला बहुजनसमाज मोठ्या संख्येने आपल्याकडे होता, तरी हरली. महाराष्ट्राने ते मुकाट्याने मान्य केले. मग सात महिन्यांनी बेळगावचा निवाडा आला तो मात्र एका निवृत्त न्यायमूर्तीच्या मेजावरून. गोवेकरास जीभ आहे आणि निपाणीच्या तंबाखूवाल्यास नाही, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

कोणी म्हणेल, दिल्लीचा कायदाच तसा आहे. खरे आहे. घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे पार्लमेंट साध्या बहुमताने सीमा बदलू शकते. संबंधित विधानसभेचे म्हणणे ऐकावे लागते, ऐकून सोडून दिले तरी चालते. जमीन ज्याच्या पायाखालची त्याचे नावही त्या कलमात नाही. परंतु गावनिहाय माप लावण्यास कायदा आड येत नाही. आंध्र आणि मद्रास यांच्या तंट्यात पाटसकरांनी १९५७ साली गाव हाच घटक धरला, भाषेचे बहुमत आणि लागून असलेली सलग हद्द पाहिली आणि १९५९ साली पार्लमेंटाने त्याप्रमाणे कायदाही केला. तेलुगू-तमिळांस लागू पडलेले माप मराठी-कानडीस लागू पडत नाही काय? महाराष्ट्र २००४ साली सुप्रीम कोर्टात गेला. वीस वर्षे उलटली, वकिलांची एक पिढी त्यावर जगली, गाव आहे तेथेच आहे.

इतके बंगळूर-दिल्लीस सुनावले. आता घरचा काटा तपासू, कारण पाप आपल्याही पदरात थोडे आहे.

जत तालुक्याच्या पूर्व भागातील गावांनी पाण्यासाठी टाहो फोडला आणि शेवटी कर्नाटकात जाण्याची भाषा केली. २०२२ साली कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा दाखला देऊन जतवर हक्क सांगितला, तेव्हा आमचे पुढारी खवळले. एक इंचही देणार नाही म्हणाले. इंच देऊ नका, पण पाणी किती इंच दिले होते? आणि डिसेंबरात आपल्या विधिमंडळाने ८६५ गावे मागणारा ठराव एकमताने केला, तेव्हा जतच्या माणसास काय वाटले असेल याचा विचार किती सभासदांनी केला? निपाणीच्या गावास विचारा म्हणावयाचे आणि जतच्या गावाने तोंड उघडले की त्यास फितूर म्हणावयाचे, हा पुन्हा अडत्याचाच काटा झाला. जो गावाचे मत मागतो त्याने स्वतःच्या बाजूच्या गावाचेही मत घेण्यास तयार असले पाहिजे. जतेत हरू म्हणून भीती वाटत असेल तर औषध सोपे आहे, कालवा पुरा करा.

सीमेपलीकडे मराठी शाळेत शिकलेल्या शेतकऱ्याच्या हाती उतारा येतो तो कानडी, नोटीस येते ती कानडी. स्वतःच्या बांधाचा कागद वाचून घेण्यास तो दुसऱ्याच्या दारात जातो. हे दुःख आम्हांस ओळखीचे नाही काय? कुलकर्ण्याच्या दप्तरात काय लिहिले आहे हे कुणब्यास कळत नसे, म्हणूनच पिढ्यान् पिढ्या जमिनी गेल्या; म्हणूनच शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन मोडून पगारी तलाठी नेमले. भटशाही ही नुसती एका जातीची नव्हे. ज्याचा कागद त्यास वाचता येऊ नये, अशी जी व्यवस्था ती भटशाही, मग ती मोडीत असो की कानडीत. आणि अक्कलकोटच्या कानडी शेतकऱ्यास आम्ही सातबारा कोणत्या भाषेत देतो? मराठीत! तेव्हा हेही लिहिणे भाग आहे.

आयर्लंडातील कामकऱ्यांचा पुढारी जेम्स कॉनली याने हे फार आधी ओळखले होते. नुसता झेंडा बदलला आणि जमीनदार, सावकार, कारखानदार तेच राहिले तर इंग्रज गेला तरी त्याचे राज्य राहील, असे त्याचे म्हणणे. देशाचे तुकडे पडले तर दोन्हीकडचे जुनाट लोक माजतील, असाही इशारा त्याने १९१४ साली दिला. १९१६ च्या बंडानंतर जखमी कॉनलीस खुर्चीला बांधून गोळ्या घातल्या, पण त्याचा शब्द खरा ठरला. दक्षिणेत पाद्र्यांचा असा अंमल बसला की घटस्फोटास १९९५ पर्यंत बंदी. उत्तरेत प्रॉटेस्टंट धनिकांचे एकपक्षी राज्य पन्नास वर्षे, नगरपालिकेचे मत घर ज्याच्या नावे त्यास, आणि घरे वाटणार तेच. कॅथलिक गरिबांनी १९६८ साली डेरीत मोर्चा काढला तर लाठ्या, १९७२ साली मोर्चा काढला तर तेरा जण जागीच ठार. मग बंदुका निघाल्या त्या तीस वर्षे थांबल्या नाहीत; साडेतीन हजारांवर माणसे मेली. त्यांत दोन्ही धर्मांचे गरीबच फार.

अखेर १९९८ साली करार झाला तो कोणत्या पायावर? दक्षिणेने आपल्या घटनेतील उत्तरेवरचा हक्क सोडला, आणि इंग्रजांनी कबूल केले की उत्तरेतील बहुमताने मागितले तर एकीकरण होईल. दोन्हीकडे मते घेऊन करार पक्का केला. यातही मेख आहेच, कारण मत केव्हा घ्यावयाचे हे इंग्रज मंत्री ठरवितो. आज मत घेतले तर एकीकरण जिंकेलच असेही नाही. तिकडचा प्रॉटेस्टंट कामगार विचारतो, मोफत दवाखान्याचे काय, माझ्या पेन्शनीचे काय? रास्त प्रश्न आहे. आमच्या निपाणीच्या विडी कामगार बाईनेही तो विचारावा आणि मुंबईने उत्तर द्यावे.

सीमावासीयांनी बंदूक उचलली नाही, ही त्यांची थोरवी. १७ जानेवारीस हुतात्म्यांस वंदन आणि १ नोव्हेंबरास काळा दिवस, असे ते वर्षानुवर्षे पाळीत आले. इकडे मात्र तंटा पेटला की दोन्ही बाजूंचे वीर एसटीच्या काचा फोडतात आणि काळे फासतात. गाडी हाकणारा कोण, आत बसलेला कोण? सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेली आपलीच म्हातारी! १९८१ साली निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हमरस्ता अडविला आणि पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या, तेव्हा गोळीने कोणाची भाषा विचारली नव्हती.

महाराष्ट्र एकीकरण समितीचे उमेदवार २०१८ आणि २०२३ या दोन्ही निवडणुकांत पडले, म्हणून प्रश्न संपला, असे बंगळूरकर सांगतात. घरात दोन चुली मांडून समितीने आपल्या हाताने हसे करून घेतले, हे कबूल. पण निवडणुकीत माणूस रस्ता पाहतो, जात पाहतो, पैसाही पाहतो. ते मत उमेदवारास होते. 'तुमचे गाव कोठे असावे' हा एकच प्रश्न लिहिलेली चिठ्ठी त्या गावांच्या हाती आजवर एकदाही पडलेली नाही.

तेव्हा येत्या १७ जानेवारीस पुढारी हार घेऊन निघतील, तेव्हा प्रत्येक ग्रामपंचायतीने त्यांस लेखी विचारावे: निपाणी-खानापूरच्या प्रत्येक गावात गोव्यासारखे मतदान मागणारा ठराव विधानसभेत मांडाल काय? आणि तेच मतदान जत-अक्कलकोटातही होऊ द्याल काय? दोहोंस हो म्हणेल त्याच्याच हारास हात लावू द्यावा.