बोलणाऱ्या खोक्याला कान पाहिजेत

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आरोग्याचं शिक्षण आवाजातून न्यायचं, हे आता सरकारलाही पटलंय आणि संस्थावाल्यांनाही. वाचता न येणाऱ्या बाईच्या हातात छापील पत्रक देऊन फोटो काढायचा धंदा किती वर्षं चालणार? त्यापेक्षा सोलरवर चालणारं खोकं, मेमरी कार्डाचा स्पीकर, मोबाईलवर येणारा रेकॉर्ड केलेला कॉल. बटण दाबलं की बाळंतपण, लस, हगवण, सिकलसेल. आमचा याला विरोध नाही. सवाल एवढाच की या खोक्यात बोलायचं कोणाच्या तोंडानं, आणि समोरच्या माणसानं नुसतं ऐकायचंच काय?

केंद्र सरकारची 'किलकारी' घ्या. जानेवारी 2016 मध्ये काही राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात आली फेब्रुवारी 2024 मध्ये. चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक, असे 72 कॉल. फुकट. योजना वाईट नाही मित्रा. भात कापून झाला की इथला वारली, कातकरी भिवंडी-वसईच्या वीटभट्टीवर जातो, नाहीतर गुजरातच्या बंदरात बोटीवर खलाशी म्हणून चढतो. बाई भट्टीवर पोटुशी, तिची आशाताई मागं पाड्यावर. तिथं कागद पोचत नाही, कॉल पोचतो. हे मान्य. पण फोन कोणाच्या खिशात? नोंदणीला दिलेला नंबर पुष्कळदा नवऱ्याचा. नवरा समुद्रात आणि बाळंतपणाची माहिती त्याच्या कानात!

दुसरी गोष्ट भाषेची. तलासरी तालुक्यात दहातली नऊ माणसं आदिवासी. घरात वारली बोलतात, कोकणा बोलतात, धोडिया बोलतात. 'गर्भवती मातांनी लोहयुक्त गोळ्यांचे नियमित सेवन करावे' ही कोणाच्या बापाची भाषा? त्या मातेलाच कळायचं नाही की माता म्हणजे आपण. तिला सांगायला पाहिजे की गोळीनं शी काळी होते, घाबरू नको. मळमळत असेल तर जेवल्यावर घे. वरून लगेच चहा पिऊ नको, गोळी नीट लागू पडत नाही. एवढं कोणी सांगितलं नाही तर गोळ्या कुडात खोचलेल्या राहतात आणि साहेब वर रिपोर्ट धाडतो : आदिवासी अडाणी.

सिकलसेलचं तर आणखी अवघड. 1 जुलै 2023 ला राष्ट्रीय मिशन सुरू झालं, 2047 ची मुदत घातली. आई-बाप दोघं वरून ठणठणीत, पण दोघांच्या रक्तात तो गुण दडलेला असला तर दर बाळंतपणाला चारात एक हा धोका. पहिलं पोर आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली असं नाही, प्रत्येक वेळी तेवढाच धोका. शिवाय सिकलसेलच्या पेशंटला लोहाची गोळी द्यायची की नाही, ते रक्त तपासून ठरवावं लागतं. म्हणजे वर सगळ्यांना घ्या म्हणून सांगितलेली गोळी इथं डोळे झाकून चालत नाही. हे स्टुडिओत बसून गोड गळ्यानं वाचून दाखवायचं प्रकरण नव्हे. ज्या समाजात लग्न लावणारी धवलेरी सगळा विधी तोंडपाठ गाते, तिथं ऐकून ध्यानात ठेवणारी डोकी कमी नाहीत. बसवा त्याच बायांना माईकपुढं. आणि मानधन द्या, तुमचा तो फुकटातला 'सहभाग' नको.

तिसरं, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचं. हे खोकं ऐकणार कधी? 1956 साली पुणे आकाशवाणीनं युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत श्रोते मंडळं चालवली होती. आठवड्यातून दोनदा कार्यक्रम, असे 20. आधी सगळ्यांनी ऐकायचं, मग चर्चा, आणि प्रश्न परत रेडिओकडं धाडायचे. त्याची पाहणी झाली तेव्हा दिसलं की जिथं मंडळ होतं तिथल्या लोकांच्या डोक्यात भर पडली. जिथं नुसता रेडिओ होता तिथं फारच थोडी. सत्तर वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि आज आपण परत नुसताच रेडिओ वाटायला निघालोय, फक्त सोलरवाला! आफ्रिकेत घानाच्या खेड्यांत 'टॉकिंग बुक' नावाचं खोकं नेलं, त्यात ऐकणाऱ्याला स्वतःचा आवाज भरता येतो. तक्रार, प्रश्न, शिवी, जे असेल ते. यंत्रात हे जमतं. ते नको असतं ते वरच्या माणसाला.

का नको असतं? कारण बाई बोलायला लागली की ती फक्त गोळीबद्दल विचारणार नाही. खोकं म्हणतं, धोक्याची लक्षणं दिसली तर ताबडतोब दवाखान्यात जा. ती विचारेल, गेले, मग पुढं वलसाडला, सिल्वासाला का धाडलं? आमच्या तालुक्यात डॉक्टर का नाही? याचं उत्तर कुठल्या मेमरी कार्डात भरणार? याच डहाणूत वाढवण बंदराला सुमारे 76 हजार कोटी निघतात. इथल्या 500 मेगावॅटच्या केंद्रातली वीज मुंबईच्या उपनगरात पेटते, म्हणजे दोस्ता, कदाचित तुझ्याच खोलीत. पैसा नाही ही थाप कोणी मारू नये.

म्हणून मागणी साधी आहे. डहाणू-तलासरीत जे यंत्र जाईल त्याला रेकॉर्डिंगचं बटण असलंच पाहिजे. भरलेले प्रश्न महिन्याच्या महिन्याला ग्रामसभेत सगळ्यांपुढं वाजले पाहिजेत आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं तिथं बसून उत्तर दिलं पाहिजे. खोकं बाईच्या नावानं द्या, नवऱ्याच्या नाही. आपल्यातल्या ज्या पोरांना रेकॉर्डिंग-एडिटिंग येतं त्यांनी पाड्यावरच्या पोरींना ते शिकवून यावं, लिहिलेलं भाषण सोबत नेऊ नये. हे सगळं भातकापणीच्या आत व्हायला हवं. एकदा भट्ट्या पेटल्या की पाड्यावर म्हातारी माणसं आणि कुत्री उरतात.