नळाला पाणी किती वाजता येतं?

‘या बायकांना मुळी स्वच्छतेची सवयच नसते हो!’ परवा आमच्या मंडळाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या. विषय वस्तीतल्या घरांचा होता. हे वाक्य मी वीस वर्षं ऐकते आहे. वाक्य मात्र त्याहून कितीतरी जुनं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनमधली सुखवस्तू माणसंही गरिबांबद्दल हेच बोलत.

१८४२ मध्ये एडविन चॅडविक यांनी इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांच्या आरोग्यावर अहवाल लिहिला. मँचेस्टरमध्ये मृत्यूचं सरासरी वय सुखवस्तू घरांत ३८ आणि मजुरांच्या घरांत १७! सगळे काही सतराव्या वर्षी मरत नव्हते. तान्ही मुलंच इतकी जात, की सरासरी तिथवर घसरे. आणि गंमत बघा, रटलंड या खेड्यापाड्यांच्या भागात गरीब मजुरांची सरासरीही ३८ होती, म्हणजे मँचेस्टरच्या श्रीमंतांइतकीच. मजूर इथलाही आणि तिथलाही. मग फरक सवयींचा, की घराचा आणि गटाराचा?

लंडनमध्ये पाणी खासगी कंपन्यांच्या हातात होतं. गरीब गल्लीत अनेक घरांत मिळून एक नळ, तोही ठरावीक वेळ सुटायचा. पाणी पिंपात भरून ठेवायचं, बादलीनं जिना चढवायचं. एका खोलीत अख्खं कुटुंब. अशात जिना रोज पुसणार कोण? १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी थेट पार्लमेंटात शिरली. पडदे औषधात भिजवून लावावे लागले, आणि काही आठवड्यांत गटारांचा कायदा मंजूर झाला. साहेबांच्या नाकाला झोंबल्याशिवाय कामं होत नाहीत, तिथंसुद्धा!

मला भावते ती ऑक्टाव्हिया हिल. १८६५ मध्ये जॉन रस्किन यांच्या पैशातून तिनं मेरिलबोन भागात तीन पडकी घरं घेतली. गल्लीचं नाव ‘पॅराडाइज प्लेस’, म्हणजे चक्क स्वर्ग! भाडं घ्यायला दर आठवड्याला ती स्वतः दारात जाई. पण आधी दुरुस्ती करून घेतली. वर्षाला दुरुस्तीची रक्कम बाजूला काढायची. मोडतोड कमी झाली, तर उरलेल्या पैशांत काय करायचं ते भाडेकरूंनी सांगायचं. जिने धुवायला तिथल्याच मोठ्या मुली, आणि त्यांना मजुरी. फुकट श्रमदान नाही! एका खोलीत कोंबलेल्यांना दुसरी खोली स्वस्तात.

बाई होती मात्र कडक. भाडं थकलं की बाहेर. घरमालकाला पाच टक्के सुटलेच पाहिजेत, हा तिचा हट्ट. मग ज्याच्या हाताला रोजचं कामच नाही, त्यानं जायचं कुठं? याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. भाडेवसुलीसाठी तिनं कितीतरी बायका तयार केल्या, पण बायकांना मताचा हक्क द्यायला मात्र तिचा विरोध होता. हे मला आजवर पटलेलं नाही. तरी दारात जाऊन आधी छत आणि पाणी बघायचं, ही तिची रीत मला आपली वाटते.

म्हणून मी त्या ताईंना एवढंच विचारलं, ‘त्या वस्तीत नळाला पाणी किती वाजता येतं?’ त्यांना ठाऊक नव्हतं.

पहाटे साडेतीनला येतं. पाऊण तास.