कावीळ नाही, म्हणजे हिपॅटायटिस नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २.९८ कोटी आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. त्यातल्या बहुतेकांना लागण झाल्याचा पत्ताच नाही. कारण हे विषाणू शरीराची पहिली पहारेकरी यंत्रणाच चुकवतात.

विषाणू शिरला की पेशी इंटरफेरॉन हे प्रथिन सोडून शेजारच्या पेशींना सावध करते. ही आपली जन्मजात प्रतिकारशक्ती. बी विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात दडून राहतो. तिला त्याची चाहूल फारशी लागत नाही. सी विषाणू ओळखला जातो, पण त्याचे एक विकर धोक्याचा निरोप पुढे नेणारे प्रथिनच कापून टाकते.

कावीळ होते ती बहुधा प्रतिकारशक्ती बाधित यकृतपेशींवर तुटून पडल्यामुळे. हल्लाच जोरदार नसेल तर लक्षणे कुठली? वीस-तीस वर्षांनी पोटात पाणी झाल्यावरच रुग्ण आमच्यापर्यंत येतो.

राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून तपासणी आणि औषधे मोफत आहेत. सी बहुतेकांमध्ये बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. बी आटोक्यात ठेवता येतो. मात्र लक्षणांची वाट पाहत बसलो, तर या सोयी वेळेत उपयोगी पडत नाहीत. पूर्वी रक्त घेतले असेल, डायलिसिस चालू असेल किंवा घरात कुणाला बी असेल, तर रक्ततपासणी करून घ्या. जन्मताच बीची लागण झालेल्या दहापैकी नऊ बाळांत ती कायमची राहते. म्हणून पहिली लस चोवीस तासांच्या आत द्यायलाच हवी.