न भरणारी टाकी

कोलाडच्या घराची दुरुस्ती काढली, तेव्हा मिस्त्री कौतुकाने म्हणाले, "तुमची संडासाची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. नशीबवान आहात!" मलाही बरं वाटलं. मग टाकी उघडली. चिऱ्याचं बांधकाम, आतून गिलावा नाही, तळ उघडा. टाकी भरत नव्हती, कारण ती जमिनीत रिकामी होत होती. आणि विहीर तिथून वीस पावलांवर!

आपल्याकडे पावसाळ्यात विहिरीचं पाणी काठाला येतं. मैला आणि पिण्याचं पाणी यांत मग अंतर उरतं किती? वजू करताना हाताचा तसूभर भाग कोरडा राहू नये म्हणून जपणारे आपण, ते पाणी कुठून येतं आणि कुठे जातं हे विचारत नाही.

मी चौकशी केली. हवेविना जगणारे जिवाणू मैला कुजवतात, हे तत्त्व सगळ्या टाक्यांत एकच. फरक रचनेचा.

साधी सेप्टिक टाकी: दोन कप्पे, तळ पक्का. गाळ खाली बसतो, पण पाण्यातली निम्म्याहून जास्त घाण तशीच बाहेर पडते. ते पाणी शोषखड्ड्यातच जायला हवं, गटारात नव्हे; आणि खड्डा विहिरीपासून तीस मीटर तरी दूर हवा. दोन-तीन वर्षांनी उपसा लागतोच.

आडभिंतींची टाकी: यात पाणी एकामागून एक कप्प्यांत खालून वर चढतं आणि जिवाणूंच्या थरातून गाळून जातं. पाणी पुष्कळ स्वच्छ होतं. रोगजंतू मात्र उरतात. खर्च जास्त, म्हणून एका घरापेक्षा मोहल्ल्याला किंवा कुंडलिकेकाठच्या रिसॉर्टला ती परवडेल.

गॅसची टाकी: माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या गॅसवर दिवे लावले गेले होते. पुढे देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी संडासाला जोडलेला 'मलप्रभा' गॅस प्लांट उभा केला. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पण एका कुटुंबाच्या मैल्यावर चूल चालत नाही. दारात गुरं असतील तरच हा मार्ग.

माझं मत सांगतो. आपल्या चौकोनी कुटुंबाला पक्क्या तळाची दोन कप्प्यांची टाकी पुरेशी आहे. मात्र न्हाणीचं आणि मशिदीतल्या वजूचं पाणी तिच्यात सोडू नका. गाळ बसायला पाणी टाकीत एक-दोन दिवस थांबावं लागतं. नळ धो-धो वाहिले की अर्धवट कुजलेली घाण पुढे ढकलली जाते. ते पाणी केळी-माडाला द्या.

आणि उपसा यंत्रानेच करून घ्या. जिवाला धोका असलेली टाकीसफाई माणसाकडून करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. टाकीतल्या विषारी गॅसने माणूस क्षणात कोसळतो. आपल्या पाकीसाठी दुसऱ्याचा जीव जात असेल, तर ती पाकी कसली?

रस्त्यावर, सावलीत आणि पाणवठ्यावर घाण करू नका, अशी ताकीद पैगंबरांनी दिली होती. जमिनीखालून शेजाऱ्याच्या विहिरीत जाणारी घाणही त्यातच मोडते, असं मी मानतो.

मी टाकी नव्याने बांधली. आता ती भरते. मला त्याचंच समाधान आहे.